अपघाताच्या क्लेमसाठी वकील केला त्याचा अनुभव, पाचपैकी चार स्टार

दोन वर्षं दोन महिने लागले. क्लेम मागच्या महिन्यात मिटला म्हणून आता निवांत लिहितेय, कारण मी स्वतः वकील शोधत होते तेव्हा "खूप छान सर्व्हिस, धन्यवाद" असले रिव्ह्यू ढिगाने सापडले आणि त्यातून कळलं काहीच नाही. ऑफिसचं नाव देत नाहीये, कारण तक्रारी पण लिहिणार आहे.

झालं असं की मी दुचाकीवर सरळ चालले होते आणि समोरून येणारी कार एकदम माझ्या पुढ्यातून वळली. पडले ती डाव्या गुडघ्यावर. हॉस्पिटलात एक्स-रे काढला, हाड शाबूत, मुका मार आहे आराम करा म्हणून घरी पाठवलं. सहाव्या दिवशी कारवाल्याच्या इन्शुरन्स कंपनीतून फोन आला. माणूस बोलायला इतका चांगला, "ताई, दुखणं कसं आहे, तुम्ही कशाला चकरा मारताय, एक सही केली की आठवड्यात पैसे खात्यात." मी सही करणारच होते, खरंच, पगार अर्धा झाला होता आणि कोणीतरी आपणहून विचारतंय याचंच बरं वाटत होतं. दादा म्हणाला कागद आधी कोणालातरी दाखव. तेवढ्यासाठी या वकीलबाईंकडे गेले, केस लढायची म्हणून नाहीच.

मॅडमनी कागद वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. या अपघातातून आत्ता माहीत असलेल्या किंवा पुढे निघणाऱ्या कुठल्याही दुखापतीबद्दल माझा काही हक्क राहणार नाही, असं लिहिलेलं. मग विचारलं, जिना उतरताना गुडघा निसटल्यासारखा होतो का? होत होता, मी कोणाला बोलले नव्हते, वाटलं सूज आहे म्हणून असेल. म्हणाल्या, एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा दिसत नाही, आधी हाडांच्या डॉक्टरांना हे नीट सांगा मग माझ्याकडे या. तीन आठवड्यांनी एमआरआय झाला आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याला स्थिर ठेवणारं मुख्य लिगामेंट, पूर्ण फाटलेलं निघालं. ऑपरेशन, मग नऊ महिने फिजिओ. त्या पहिल्या ऑफरमध्ये नुसता फिजिओचा खर्च पण निघाला नसता, आणि सही झाली असती तर विषय तिथेच संपला होता, कारण अशी सही एकदा केली की मागे घेणं जवळपास अशक्य असतं. माझे चार स्टार मुख्यतः या पहिल्या अर्ध्या तासाचे आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी मला थांबवून धरलं. मी दर महिन्याला विचारायचे किती मिळतील, आणि त्या आकडा सांगायच्याच नाहीत. तेव्हा राग यायचा. त्यांचं म्हणणं, डॉक्टर जोपर्यंत लिहून देत नाहीत की आता यापुढे फार सुधारणा होणार नाही तोपर्यंत तुमचं नुकसान किती हे कोणालाच माहीत नाही, मग मागायचं काय? झालेली बिलं आणि बुडालेला पगार मोजता येतो, पण पुढचे उपचार, कमाईवर होणारा परिणाम, दुखणं सोसलं त्याचं, या सगळ्याला डॉक्टरांच्या त्या कागदाचा आधार लागतो. मी शिक्षिका आहे, दिवसभर उभं राहायचं काम, त्यामुळे हा मुद्दा आमच्या क्लेममध्ये सगळ्यात जड होता.

पुराव्याच्या बाबतीत मात्र अजिबात थांबल्या नाहीत, पहिल्याच दिवशी चौकातल्या दुकानाला पत्र गेलं की सीसीटीव्ही फुटेज पुसू नका, कारण बऱ्याच ठिकाणी काही दिवसांत जुन्यावर नवीन रेकॉर्ड होतं. फाटलेली पँट आणि हेल्मेट न धुता न दुरुस्त करता पिशवीत ठेवायला लावलं. गुडघ्याचे फोटो रोज काढायला सांगितले, तारखेसकट, कारण काळंनिळं दोन-तीन आठवड्यांत जातं आणि मग सांगून कोणाला पटत नाही. आणि एक वही. रोज दोन ओळी, काय दुखलं आणि काय करता आलं नाही. मला आधी ते शाळेतल्या गृहपाठासारखं वाटलं, पण वर्षभराने "मार्चमध्ये तुम्हाला काय त्रास होता" असं विचारल्यावर ती वही नसती तर मी काय सांगणार होते.

आता समोरची बाजू काय काय काढते ते सांगते कारण याची मला कल्पनाच नव्हती. मी मध्ये तीन आठवडे फिजिओला गेले नव्हते, आई आजारी होती म्हणून, त्यावरून म्हणाले म्हणजे बाई बरी झाली होती. बहिणीच्या घरच्या कार्यक्रमात मी हसत उभी आहे असा एक फोटो भाचीने टाकलेला, तो छापून फाईलला लावला. पाच वर्षांपूर्वी याच गुडघ्यासाठी एकदा डॉक्टरकडे गेले होते ते पण शोधून काढलं. हे मी मॅडमना सुरुवातीलाच सांगितलं होतं, त्यामुळे धक्का बसला नाही. जुनं दुखणं लपवू नका हो, त्याने क्लेम बुडत नाही, अपघाताने ते वाढलं असेल तर तेवढ्याची भरपाई मागता येते, पण लपवलेलं सापडलं की तुमच्या बाकीच्या शब्दावरचा विश्वास पण जातो.

आणि मग तुमची पण चूक होती हा मुद्दा. मी वेगात होते म्हणाले, माझ्यावर ३० टक्के टाकत होते. जितके टक्के चूक तितकी भरपाई कापली जाते, बहुतेक ठिकाणी असंच आहे, पण अमेरिकेतल्या व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या थोड्या राज्यांत स्वतःची थोडीशी चूक ठरली तरी सगळा दावाच जाऊ शकतो. फुटेज होतं म्हणून आमचं १० वर आलं.

तक्रारी. केस घेताना मॅडम, नंतर सहा महिने सगळं ज्युनिअरकडे, आणि त्याने दोन महिने एक फोन उचलला नाही की मेसेजला उत्तर दिलं नाही. त्या काळात काम चालू होतं हे मला नंतर कळलं, पण घरी पाय वर करून बसलेल्या माणसाला ते कसं कळणार? आठवड्याला एक ओळ पाठवायला काय जातं. दुसरं, फी आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कोणी नीट समजावलं नाही. फी ठरली होती ती ठरल्याप्रमाणेच घेतली, पण तज्ज्ञ डॉक्टरचा रिपोर्ट, रेकॉर्डच्या प्रती, कोर्टाचे पैसे हे सगळं शेवटी रकमेतून वजा झालं आणि हिशोब मी मागितल्यावर मिळाला. सही करण्याआधी विचारा: खर्च कोण भरणार, हरलो तर कोण भरणार, आणि फी खर्च वजा करून मोजणार की आधी.

फीचे नियम पण देशागणिक खूप वेगळे आहेत. अमेरिकेत साधारण एक तृतीयांश वाटा घेतात, इंग्लंड-वेल्समध्ये जिंकल्यावरच्या जादा फीला २०१३ पासून भरपाईच्या (पुढच्या नुकसानीचा भाग सोडून) २५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला भरपाईत टक्केवारी घेताच येत नाही. न्यूझीलंडमध्ये तर १९७४ पासून सरकारी योजनाच आहे, चूक कोणाची ते न बघता उपचार आणि पगाराचा भाग देतात आणि त्या बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी दावा लावता येत नाही. मुदतीचं पण तसंच, इंग्लंडमध्ये ३ वर्षं, कॅलिफोर्नियात साधारण २, भारतात वाहन अपघाताच्या अर्जाला २०१९ च्या दुरुस्तीने ६ महिने केले, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू. तेव्हा परदेशातल्या मावसभावाचं ऐकून थांबू नका, आपल्या इथली तारीख पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

शेवटी कोर्टात उभं राहावं लागलं नाही, मध्यस्थापुढे एका दिवसात मिटलं. दोन खोल्या, ते एकीत आम्ही दुसरीत, मध्यस्थ इकडून तिकडे आकडे घेऊन फिरत होते, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. दुपारी तीनला मी पार थकले होते आणि म्हटलं घेऊन टाकू. मॅडम म्हणाल्या निर्णय तुमचाच आहे, मी अडवणार नाही, पण पुढच्या खर्चाचा कागद एकदा परत वाचा. वाचला. थांबले. त्या तीन तासांत जे वाढलं त्यात पुढच्या दोन वर्षांचे फिजिओ आणि तपासण्या निघतात.

एक स्टार त्या दोन महिन्यांच्या शांततेचा आणि न सांगितलेल्या खर्चाचा कापला. ज्युनिअर केस बघणार असेल तर त्याला पहिल्याच दिवशी भेटून घ्या. आणि फाईल बंद झाली की मूळ रिपोर्ट, एमआरआयच्या फिल्म सगळं परत मागून घ्या, मला दोन दिवसांत दिलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की या गुडघ्याची झीज इतरांपेक्षा लवकर होऊ शकते, तेव्हा तो गठ्ठा मी कपाटात वरच ठेवलाय.