एचडीएमआय केबल: दोनशेची, दोन हजारांची की फायबरची?

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याही दुकानात एचडीएमआय केबल मागा, समोर साधारण तीन प्रकार येतात. साधी काळी, दीड-दोनशेची. जाळीदार विणीची, सोनेरी टोकांची, हजार-दोन हजारांची. आणि जास्त लांब हवी म्हटलं की आतून निघणारी ‘फायबरवाली’. महागडीत क्लॅरिटी जास्त, असंही ऐकवलं जातं. ते सोडून द्या. केबल निवडताना दोनच गोष्टी बघायच्या: किती मीटर जायचंय आणि तिच्यातून काय न्यायचंय.

टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सला किंवा स्ट्रीमिंग बॉक्सला दीड-दोन मीटरची केबल हवी असेल, तर धड बनवलेल्या स्वस्त केबलमध्ये आणि दहापट महाग केबलमध्ये चित्राचा किंवा आवाजाचा काडीचा फरक नाही. पाच मीटरच्या पुढे ४के (फुल एचडीच्या चौपट बारकाईचं चित्र) न्यायचं असेल, तर फरक पडतो आणि चांगलाच पडतो. भिंतीत गाडायची असेल, तर केबलपेक्षा पाइपाचा विचार आधी करा.

चित्र ‘जरा बरं’ का होत नाही

अँटेनाच्या आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या काळात वायर वाईट असली की चित्र फिकं पडायचं, मुंग्या यायच्या, सावल्या दिसायच्या. चांगली वायर घातली की चित्र खरोखर सुधारायचं. ती समजूत अजून टिकून आहे, आणि केबलवाल्यांचा धंदाही तिच्यावर चालतो. एचडीएमआयमधून आकडे जातात. पलीकडच्या टोकाला शून्य आणि एक ओळखता आले की चित्र जसंच्या तसं उमटतं, मग केबल कितीचीही असो. ओळखता येईनासे झाले की आधी पडद्यावर पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकतात, गडद दृश्यात ते चटकन दिसतात. मग एखादी आडवी रेघ झळकते. पुढे दोन-तीन सेकंद पडदा काळा होऊन परत येतो, आणि शेवटी ‘नो सिग्नल’. रंग थोडे उडालेत, काळा रंग करडा दिसतोय, चेहरे मऊ वाटताहेत, असलं काही केबलमुळे होत नाही. केबल बदलल्यावर रंग खुलले असं वाटलं, तर ती दुसऱ्या पोर्टात गेली असण्याची शक्यता मोठी. बरेच टीव्ही प्रत्येक पोर्टासाठी पिक्चर मोड वेगळा ठेवतात.

याला एक अपवाद आहे आणि तो गेमिंगवाल्यांनी लक्षात ठेवावा. एचडीएमआय २.१ या आवृत्तीच्या वेगवान पद्धतीत जोडणीच्या वेळी दोन्ही उपकरणं केबल किती वेग झेपवते ते तपासतात आणि झेपत नसेल तर एक पायरी खाली उतरतात. त्यामुळे कमकुवत केबलवर १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० चित्रांचा) पर्याय मेनूत दिसतच नाही, किंवा रंगाची माहिती कमी करून पाठवली जाते. ठिपके नाहीत, काळा पडदा नाही, सगळं ठीक वाटतं. पण मशीन आपल्या पूर्ण ताकदीने चालत नसतं.

लांबी आणि बँडविड्थ

एचडीएमआयच्या नियमांत केबल किती मीटरची असावी याची मर्यादा दिलेलीच नाही. सिग्नल किती क्षीण झालेला चालेल तेवढंच ठरलेलं आहे. तांब्याच्या तारेत लांबी वाढली की सिग्नल क्षीण होतो, आणि वेग जितका जास्त तितका तो लवकर क्षीण होतो. म्हणून जी दहा मीटरची केबल सेट-टॉप बॉक्सवर वर्षानुवर्षं निमूट चालते, तीच नव्या ४के बॉक्सवर पहिल्या दिवशी मान टाकते. केबल बिघडलेली नसते, काम चौपट झालेलं असतं. खालच्या तक्त्यातल्या लांब्या व्यवहारातल्या आहेत, बिनइलेक्ट्रॉनिक्सच्या साध्या तांब्याच्या केबलसाठी. जीबीपीएस म्हणजे सेकंदाला किती अब्ज शून्य-एक जातात ते, म्हणजेच बँडविड्थ.

| काय न्यायचंय | लागणारा वेग | साधी तांब्याची केबल | त्यापुढे |
|---|---|---|---|
| १०८०पी (फुल एचडी), ६० हर्ट्झ | सुमारे ४.५ जीबीपीएस | १० मीटर. जाड तारेची असेल तर १५ | कॅट६ (लॅनची वायर) एक्स्टेंडर |
| ४के, ६० हर्ट्झ, एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा आवाका) | सुमारे १८ जीबीपीएस | ५ मीटर, ‘प्रीमियम हाय स्पीड’ | फायबर |
| ४के, १२० हर्ट्झ | प्लेस्टेशन ५ ला ३२, एक्सबॉक्स सिरीज एक्सला ४० जीबीपीएस | ३ मीटर निर्धास्त. ५ मीटर प्रमाणित असेल तरच | फायबर, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ |

तारेची जाडी एडब्ल्यूजी आकड्यात छापलेली असते आणि हा आकडा उलटा चालतो: ३० म्हणजे बारीक, २४ म्हणजे जाड. दोन मीटरला ३० ठीक. पाच मीटरला २८ किंवा २६ बघा. दहा मीटरची केबल चार्जरच्या वायरीएवढी लवचीक आणि सडपातळ असेल आणि तरी पाकिटावर ४के लिहिलं असेल, तर एक तर ती फायबर आहे, किंवा टोकात चिप असलेली अ‍ॅक्टिव्ह आहे, किंवा पाकीट थापा मारतंय.

पाकिटावर ‘२.१ केबल’ असं लिहिलं असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. आवृत्तीचा आकडा उपकरणांचा असतो. केबलला गट असतो. हाय स्पीड १०.२ जीबीपीएस, प्रीमियम हाय स्पीड १८, अल्ट्रा हाय स्पीड ४८. यातल्या शेवटच्या दोन गटांच्या अस्सल पाकिटावर क्यूआर कोडचं लेबल असतं, ते एचडीएमआयच्या अधिकृत प्रमाणन अ‍ॅपने स्कॅन केलं की ब्रँड, मॉडेल आणि लांबी कळते. अल्ट्रा हाय स्पीड केबलच्या आवरणावरही तेच नाव छापलेलं असायला हवं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे. २०२५ मध्ये ९६ जीबीपीएसची २.२ आवृत्तीही जाहीर झाली, पण आज घरासाठी तिची वाट बघत थांबू नका.

सोन्याचा मुलामा: खाऱ्या, दमट हवेत गंज लागू नये म्हणून आतल्या संपर्कपट्ट्यांवर तो हवाच, आणि मुंबईत तर हवाच हवा. पण तो बहुतेक स्वस्त केबललाही असतो. बाहेरचं चकाकतं कवच निव्वळ शोभेचं.

आवाजाचं काय

आवाजाला वेगळी तार नसते. चित्राच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत, त्याच तारांमधून आवाजाचे आकडे जातात आणि त्यांना चूक दुरुस्त करणारी जोडमाहिती असते. त्यामुळे केबल बदलून बास भरदार होणं, आवाज ‘गरम’ किंवा ‘खुला’ होणं शक्य नाही. केबल हरली तर आवाज तुटतो, टकटक येते किंवा गप्प होतो, आणि बहुतेक वेळा चित्रही त्याच वेळी कुरकुरत असतं. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर केबलला दोष देऊ नका. दहा मीटर केबलमधून सिग्नल जायला सेकंदाचा एक कोट्यांशही लागत नाही. उशीर टीव्हीच्या किंवा साउंडबारच्या प्रक्रियेत होतो आणि तो मेनूतल्या लिप-सिंकमध्ये निस्तरायचा.

साउंडबार घेणाऱ्यांनी मात्र केबल बघावी. टीव्हीकडून साउंडबारकडे उलटा येणारा आवाज, म्हणजे आर्क किंवा ईआर्क, १९ पैकी १४ आणि १९ क्रमांकाच्या पिनांशी निगडित आहे. फार जुन्या किंवा फार स्वस्त केबलमध्ये १४ नंबरची तार जोडलेलीच नसते, आणि मग चित्र झकास पण साउंडबार मुका. आर्कवर दाबलेला ५.१ आवाज जातो. ईआर्कवर न दाबलेले आठ चॅनल. ‘हाय स्पीड विथ इथरनेट’ किंवा अल्ट्रा हाय स्पीड केबल दोन्हीला चालते. तक्रार केबलवर ढकलण्याआधी साउंडबार टीव्हीच्या ‘आर्क’ लिहिलेल्याच पोर्टात आहे ना आणि मेनूत सीईसी (उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय) चालू आहे ना, ते तपासा. दहातली बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

भिंतीत आणि फॉल्स सीलिंगमध्ये

मुंबईतल्या फ्लॅटमध्ये चुकण्याची किंमत इथे सगळ्यात मोठी असते, म्हणून इथे घाई नको. समजा हॉल चार मीटरचा आहे, बॉक्स टीव्ही युनिटमध्ये आणि प्रोजेक्टर समोरच्या टोकाला छताला. कॅबिनेटपासून छतापर्यंत सव्वादोन मीटर, आडवे चार, खाली अर्धा, दोन्ही टोकांना मिळून एक मीटर सैल. झाले पावणेआठ. इंटिरियरवाला ‘पाच मीटर पुरेल’ म्हणाला, तरी दोरी लावून मोजा. मग इथे दहा मीटरची तांब्याची, दहा मीटरची फायबर, की कॅट६?

तांब्याची केबल १०८०पीच्या प्रोजेक्टरला आजही चालेल आणि सगळ्यात स्वस्त पडेल. पण ४केला अपग्रेड केलं की ती फुकट गेली. फायबर केबलमध्ये चित्राच्या चार वाहिन्या काचेच्या धाग्यातून जातात, बाकीच्या मंद वेगाच्या तारा तांब्याच्याच असतात. १८ किंवा ४८ जीबीपीएस तीस-चाळीस मीटरपर्यंत आरामात पोचतात आणि केबल चार्जरच्या वायरीइतकी बारीक राहते. दोष तीन. ती एकाच दिशेने चालते, ‘सोर्स’ आणि ‘डिस्प्ले’ लिहिलेली टोकं उलटी झाली तर काहीच दिसत नाही. टोकातलं इलेक्ट्रॉनिक्स सोर्सच्या ५ व्होल्टवर चालतं, त्यामुळे अशक्त पोर्टावर कधी कधी रुसते. आणि कडक घडी पडली की धागा तुटतो. मग केबल दुरुस्त होत नाही. साउंडबार जोडायचा असेल तर ‘ईआर्क चालतं’ असं स्पष्ट लिहिलेलीच घ्या.

कॅट६ आणि दोन टोकांना एक्स्टेंडरचे डबे हा तिसरा मार्ग. एचडीबेसटी जातीच्या डब्यांवर १०८०पी शंभर मीटरपर्यंत जातं. ४के ६० साठी मात्र नव्या पिढीचे महाग डबेच लागतात. स्वस्त डबे १०८०पीपुरतेच धरा. बऱ्याच डब्यांना दोन्ही टोकांना प्लग पॉइंट लागतो. फायदा असा की टोक खराब झालं तर कुठलाही लॅनवाला क्रिम्पिंग करून देतो. वायर पूर्ण तांब्याची घ्या. तांबं चढवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्वस्त वायरीने लांबवर हमखास घोळ होतो. गणेशोत्सवाच्या मांडवात, जिथे केबलवरून माणसं चालणार, तिथे फायबरपेक्षा हीच बरी.

घरात ४के असेल किंवा होणार असेल तर फायबर घ्या. पण त्याआधी पाइप. एचडीएमआयचं डोकं साधारण वीस मिलिमीटर रुंद असतं. लाइट-पंख्याच्या नेहमीच्या २० मिलिमीटर पाइपातून ते जात नाही, २५ मधून सरळ जातं पण वळणावर अडकतं. ३२ मिलिमीटरचा पाइप टाकायला सांगा, वळणाला एल्बो न लावता लांब बेंड, आणि आत ओढायची नायलॉन दोरी कायमची सोडून ठेवा. २३० व्होल्टच्या वायरी त्या पाइपात नकोत. ओढताना जोर आवरणावर द्यायचा, डोक्याला दोरी बांधून खेचलं की आतली जोडणी निघते. आणि आत घालण्याआधी केबल जमिनीवर पसरून, खऱ्या बॉक्सला आणि खऱ्या प्रोजेक्टरला जोडून, ४के ६० एचडीआरवर तासभर चालवा. दोन्ही उपकरणं पाच-सहा वेळा बंद-चालू करा. पीओपी झाल्यावर कळलेली खराब केबल छतात तशीच पडून राहते.

शंका आली तर

टीव्हीच्या पोर्टाची सेटिंग आधी बघा. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ बंद असेल तर उत्तम केबलवरही पूर्ण एचडीआर येणार नाही. ती चालू केल्याबरोबर पडदा काळा होत असेल, तर केबल १८ जीबीपीएस झेपवत नाही. मग बॉक्सचं आउटपुट ४के ६० वरून ४के ३० वर आणा. वेग निम्मा होतो. ठिपके गेले की दोष केबलच्या क्षमतेचा, बाकी सगळं ठणठणीत आहे. एसीचा कॉम्प्रेसर चालू होताना किंवा पंख्याचं बटण दाबताना पडदा क्षणभर जात असेल, तर केबलचं शिल्डिंग कच्चं आहे. तिथे चांगल्या केबलने खरंच फरक पडतो.

एक मीटरच्या, दुसरीकडे चालणाऱ्या केबलवरही ४के ३० ला ठिपके राहिले, तर पोर्ट गेलं आहे. पावसाळ्यात हे जास्त दिसतं, कारण खिडकीच्या ग्रिलवरच्या डिशची वायर विजेचा झटका सेट-टॉप बॉक्समार्गे थेट टीव्हीच्या पोर्टापर्यंत आणते. दोन हजारांची केबलही तो अडवत नाही. वीज कडाडू लागली की डिशची वायर बॉक्समधून काढून ठेवा, आणि एचडीएमआय घालताना-काढताना दोन्ही उपकरणांचे स्विच बंद असू द्या.