नवी साधी हार्डटेल की वापरलेली वरची?

बजेट मोजकं असेल तर माउंटन बाइकिंगमध्ये शिरायला दोनच रस्ते उरतात: दुकानातली सुरुवातीची हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे, मागे नाही), नाहीतर त्याच पैशात कुणीतरी वापरलेली, पण दोन पायऱ्या वरची. (त्याच किमतीत नवी फुल सस्पेन्शनही (पुढे-मागे दोन्हीकडे) दिसते. मागच्या स्प्रिंगचे पैसे कुठल्यातरी दुसऱ्या भागातून वाचवलेले असतात, एवढंच म्हणतो.) आमच्या घरात दोन्ही आहेत. नवी धाकट्या भावाची, जुनी माझी, आणि अदलाबदल सतत चालू असते.

नवीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. वॉरंटी मिळते, मापाची फ्रेम मिळते, आधीच्या मालकाने कुठे आपटली असेल ही धास्ती नाही. मातीच्या सपाट वाटेवर मला तरी दोघींत फार फरक जाणवत नाही. नवीचा फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा भाग) कॉइलचा, म्हणजे स्प्रिंगचा, माझा एअरचा, म्हणजे हवेचा. हवा कमी-जास्त करून आपल्या वजनाला सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर फोर्क जेवढा दबतो तो, २०-३० टक्क्यांवर आणता येतो. फायदा खराच, पण तेवढ्यासाठी मी कुणाला जुनी घ्या म्हणालो नसतो.

माझा निकाल लागला तो चेनवर. नवीला पुढे तीन चेनरिंग (पेडलपाशी असलेल्या दातेरी चकत्या) आणि मागे साधा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग. दगडगोट्यांचा उतार लागला की चेन चाबकासारखी फ्रेमवर आपटायला लागते. खाली पोचून पेडल मारावं तर पाय भसकन रिकामा फिरतो: चेन पडलेली. तीही धड पडत नाही. लहान चेनरिंग आणि फ्रेमच्या फटीत अशी गच्च रुतते की क्रँक (पेडलचा दांडा) उलटा फिरवत, बोटं काळी करत उपसावी लागते, आणि मागून येणारे खोळंबतात. उताराआधी मोठ्या चेनरिंगवर टाकली तर जरा ताणलेली राहते खरी, पण पुढे अचानक चढ आला की पंचाईत.

माझ्या सायकलला क्लचवाला डिरेलर आहे. शिमानोने हा प्रकार २०११ मध्ये आणला. क्लचमुळे डिरेलरचा केज, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा हात, धक्क्यांनी पुढे झुलत नाही, म्हणून चेन सैल पडत नाही. पुढे एकच चेनरिंग, दात एकाआड एक जाड-बारीक, चेनच्या कड्यांत नेमके बसणारे. त्याच उतारावर ती मुकाट उतरते.

‘मग नवीलाच क्लच बसवू,’ असं भाऊ म्हणाला होता. पण क्लच बहुतेक करून मागे दहा किंवा जास्त गिअर असलेल्या सेटमध्येच येतो. म्हणजे शिफ्टर (हँडलवरची गिअरची कळ), चेन, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) सगळं बदला. त्यात तिच्या मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी घट्ट बसवलेला जुन्या पद्धतीचा चकत्यांचा संच, फ्रीव्हील. तसल्या हबवर कॅसेट बसतच नाही, म्हणजे मागचं चाकही आलं. बेरीज केल्यावर त्याने विषय सोडला.

जुनी बघायला गेलात तर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. खटखट जाणवली तर हेडसेटचं, म्हणजे हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं तिथल्या बेअरिंगचं, काम आहे. फोर्कच्या नळीवर नख अडकेल असा ओरखडा किंवा वेल्डिंगपाशी चीर दिसली, तर किंमत न विचारता निघा. चेन झिजून ०.७५ टक्क्यांपुढे लांबली असेल तर कॅसेटचेही पैसे कापून मागा. आणि केज हाताने पुढे ढकलून बघा. सहज गेला तर आधी क्लचची छोटी कळ चालू आहे का ते पाहा. चालू असूनही सैल असेल तर क्लच ढिला पडलाय किंवा झिजलाय.

हे पारखणारं कुणी सोबत नसेल आणि वाटा सपाटच असतील, तर नवी घ्यायला माझी ना नाही. दगडांचे उतार गाठायचे असतील, तर मी मात्र चांगली जुनी मिळेपर्यंत महिना-दोन महिने थांबेन.