एनबीए लीग पास: नागपुरात बसून पेसर्सची प्रत्येक मॅच

टीव्हीवर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, लागायची तेव्हा फिरून फिरून तेच, लेकर्स नाहीतर वॉरियर्स, आणि मी पडलो इंडियाना पेसर्सवाला. ऑक्टोबर 2019 मधे मुंबईत पेसर्स विरुद्ध किंग्स झाली ना, भारतातली पहिली एनबीए मॅच, तेव्हापासून ही टीम डोक्यात बसली ती बसलीच. पण चॅनेलवाल्यांना इंडियानाचं काय पडलंय भाऊ! म्हणून लीगची स्वतःचीच स्ट्रीमिंग सर्व्हिस घेतली, लीग पास, एनबीएच्या ॲपमधेच चालते. बास्केटबॉल मनापासून आवडत असेल तर बिनधास्त घ्या.

30 टीम, प्रत्येकीच्या 82 मॅच, सगळ्या मिळून 1,230, आणि कोणती बघायची ते तुम्ही ठरवणार. अमेरिकेत लोकल टीमची मॅच यावर ब्लॅकआउट असते, म्हणजे लाइव्ह दाखवतच नाहीत, आपल्याकडे ती भानगड नाही.

आता टाइमचं. इंडियानाची घरची मॅच तिथं संध्याकाळी सातला म्हणजे थंडीच्या दिवसांत आपल्याकडे पहाटे साडेपाच, कॅलिफोर्नियातल्या मॅच साडेआठ-नऊला, आणि तेव्हा आपण मिहानच्या रस्त्यावर ऑफिसला निघालेलो असतो. इथंच लीग पास खरं कामाला येतं, सेटिंगमधे जाऊन स्कोर लपवायचा, नोटिफिकेशन बंद करायचे (हे विसरू नका, नाहीतर सगळं मुसळ केरात) आणि रात्री घरी येऊन पूर्ण रिप्ले लावायचा, एकदम लाइव्हसारखं वाटतं. घाई असेल तर मॅचची दहा मिनिटांच्या आसपासची छोटी आवृत्तीही मिळते, पण पेसर्सची मी ती कधीच लावत नाही. 2025 च्या फायनलची (ती सात मॅचपर्यंत चालते) पहिली मॅच आठवा, ओक्लाहोमाच्या घरी पूर्ण मॅच मागे मागे, आणि आमच्या हॅलिबर्टनने 0.3 सेकंद उरले असताना शॉट टाकला तेव्हा पेसर्स पहिल्यांदा पुढे गेले, 111-110. ती घालमेल दहा मिनिटांत कशी कळेल? पुढं सातव्या मॅचमधे त्याचा टाचेमागचा अकिलीस टेंडन फाटला आणि फायनल हातची गेली, ते आजही बघवत नाही मला.

दोन्ही टीमच्या कॉमेंट्रीतली आपल्याला हवी ती निवडता येते, हे फार छान आहे, पेसर्सचीच माणसं बोलत असली की बेंचवरच्या पोरांबद्दलपण कळतं. लीग पासचा प्रीमियम प्लॅन घेतला तर ब्रेकमधे जाहिरातीऐवजी अरीनामधलंच दाखवतात, टाइमआउटमधे कोच काय करतोय, कोण कोणाशी बोलतंय हे दिसतं. शिवाजीनगरच्या ग्राउंडवर खेळणाऱ्या पोरांना मी हे आवर्जून दाखवतो, डेन्व्हर नगेट्सचा योकिच बॉल हातात यायच्या आधी मान वळवून कुठं बघतो ते रिप्लेमधे थांबवून थांबवून दाखवलं की पासिंग तोंडी समजावत बसावं लागत नाही.

मराठी कॉमेंट्री नाही, ती पाहिजे होती. विदर्भातल्या गावोगावी शाळेत पोरं हा गेम खेळतात, त्यांच्यासाठी एनबीएने हे करायलाच पाहिजे, निदान प्लेऑफ्सपुरतं (सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्या) तरी.

नेट मात्र चांगलं ठेवा. आमच्या ब्रॉडबँडवाल्याला नेमकं सकाळी सहालाच मेंटेनन्स सुचतं, चौथ्या क्वार्टरला स्क्रीनवर गोल गोल फिरत बसतं, मग मोबाइलच्या डेटावर बघावं लागतं. सीझन ऑक्टोबरमधे सुरू होतो, आणि जसजसा पुढं सरकतो तसतशी पासची किंमत उतरते, त्यामुळे ज्यांना फक्त प्लेऑफ्सच बघायच्या आहेत त्यांनी एप्रिलपर्यंत थांबलं तरी चालेल.