सेकंडहँड लाइफगेन डेक: पावसाळाभर खेळल्यावर

मॅजिक या पत्त्यांच्या खेळात मॅना कसा लागतो, पाळी कशी चालते हे सांगत बसत नाही. इथं वाचणाऱ्याला तेवढं ठाऊक असेलच. हा लाइफ वाढवत जाणारा पांढरा-काळा डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, नागपूरच्या एका पोराकडून निम्म्या भावात घेतला. संध्याकाळी लाइन गेली की भाचा अन् मी चार्जिंगच्या बल्बाखाली बसतो. पत्त्यांची तक्रार नाही. चमकते फॉइलवाले पावसाळी हवेनं वाकले, साधे सरळ आहेत. माझा सगळा राग ट्रिगरवर, म्हणजे अमुक घडलं की पत्त्याचा जो परिणाम लागतो त्यावर.

प्रकरण पेटलं अजानीज प्राइडमेटवरून. २/२ चा प्राणी, म्हणजे मार दोनचा अन् दोन डॅमेजला खतम. आपलं लाइफ वाढलं की त्याच्यावर +१/+१ काउंटर, दोन्ही आकडे एकेकानं वाढतात. मी नवा प्राणी उतरवला, म्हणून आधीच्या सोल वॉर्डन या प्राण्यानं एक लाइफ दिलं, प्राइडमेटचं ट्रिगर लागलं. काउंटर म्हणून तुरीचा दाणा ठेवायला गेलो तर भाचा म्हणतो, "थांबा नं मामाजी, ट्रिगर अजून स्टॅकवरच हाय," अन् शॉक नावाचा पत्ता मारला. स्टॅक म्हणजे परिणाम लागू व्हायच्या आधी जिथं थांबतो ती थप्पी. दोन डॅमेज, प्राइडमेट खतम. पुढच्या डावात सोल वॉर्डनचं ट्रिगर स्टॅकवर असताना तिलाही तसाच शॉक, तर लाइफ मात्र मला मिळालं! म्हटलं, हा कोणता न्याय बे?

संपूर्ण नियमांची पीडीएफ फुकट मिळते, पण पानं अडीचशेच्या वर. तेवढी छापायला पैसे कोणाचे पडलेत? तालुक्यातून ६०३ नंबरचा ट्रिगरवाला नियम अन् कोण मेलं ते पाहायचा ७०४ एवढंच झेरॉक्स काढून आणलं. ट्रिगर एकदा लागलं की पत्त्यापासून सुटं. वॉर्डन मेली तरी तिचं ट्रिगर चालतंच. प्राइडमेटचंही चालतं, पण तोवर काउंटर ठेवायला प्राइडमेटच नसतो.

लढाईत तर शॉकही लागत नाही. प्राइडमेटला दोन डॅमेज बसलं अन् त्याच क्षणी माझ्या लाइफलिंकवाल्या (डॅमेज केलं की लाइफ देणाऱ्या) प्राण्यानं लाइफ कमावलं, तरी प्राइडमेट आधी मरतो. ट्रिगर स्टॅकवर चढायच्या आधी कोण मेलं हे पाहिलं जातं. नियम पाठ झाला, तरी हे अजून डाचतं.

डेक विकायला काढणारच होतो, तेवढ्यात तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ आली. दोघांचं एकेक लाइफ उरलेलं, दोघांकडेही ब्लड आर्टिस्ट (प्राणी मेला की एकाचं एक लाइफ कापून आपल्याला देणारा), पाळी भाच्याची. त्यानं चार मॅना देऊन रॅथ ऑफ गॉड टाकलं, सगळे प्राणी एकदमच मेले. दोघांचीही ट्रिगरं लागली अन् पठ्ठ्या माझं लाइफ खोडायला निघाला. मी झेरॉक्स पुढे सरकवली. ज्याची पाळी त्याची ट्रिगरं आधी स्टॅकवर, दुसऱ्याची त्यांच्यावर. अन् स्टॅक म्हणजे गोदामातली पोत्यांची थप्पी, वरचं आधी निघतं. माझं ट्रिगर वर होतं. भाचा शून्यावर, म्हणजे हरला! "असं कुठं असते मामाजी," म्हणत त्यानं ते पान दोनदा वाचलं. डेकचे पैसे तिथंच वसूल.

एक कटकट उरतेच. फोनवर खेळायच्या मॅजिकमध्ये, अरेनात, ट्रिगर आपोआप लागतं, पत्त्यांवर आपणच ध्यानात ठेवायचं. समोरच्याचा प्राणी आला तरी सोल वॉर्डन लाइफ देते, अन् नेमकं तेच सुटतं. स्पर्धेतही समोरच्यानं आठवण करून द्यायचं बंधन नसतं. भाचा तर घरातही देत नाही.

घेणार असाल तर फॉइल टाळा अन् स्लीव्हसकट (पत्त्यांच्या कव्हरांसकट) भाव करा. माझा आता विकायचा नाही. भाच्याला मात्र त्याचं रॅथ ऑफ गॉड काढायचंय, कोणाला पाहिजे असेल तर कळवा.