टांझानियात शिकवायला जाताय? शाळेची खोली की कुणाचं घर?

इंदूरहून स्वयंसेवक म्हणून गेलो, तेव्हा आधी शाळेच्या खोलीत राहिलो, नंतर एका कुटुंबात.

खोलीत मोकळीक खरी. शेवेचा डबा आपला, झोप आपली. पण तिथली भाषा स्वाहिली काही जिभेवर बसेना. सहशिक्षिका म्हणाली, ‘सा म्बिली’, शब्दशः ‘दोन वाजता’. मी दुपारी दोनला हजर! तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. तिला सकाळचे ८ म्हणायचे होते.

घरात असतो तर ही फजिती टळली असती. तिथे आजींना ‘शिकामो’ (थोरांना आदराचा नमस्कार) म्हणायचं, त्या ‘मराहाबा’ म्हणणार. वाकून नमस्कार करत वाढलेल्याला हे जड नाही. जेवणात उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. तुकडा मोडायचा, अंगठ्यानं खळगा करायचा, त्यात राजम्यासारखी उसळ उचलायची. पहिल्या दिवशी माझी निम्मी उसळ शर्टावर. चहा मात्र ‘चाय’च, पोळी ‘चपाती’च. (सकाळी पोहे-जिलबी आठवते, त्याला इलाज नाही.)

एकांत? घरात विसरा. वही तपासायला बसलात की तीन पोरं खांद्यावर.

तरी मी आधी घरच निवडेन. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, नाहीतर पाहुणा म्हणून कोंबडी कापली जाते.