टायगर मॉथच्या नाकात काय बसवावं: इलेक्ट्रिक मोटर की फोर-स्ट्रोक?

रिमोटने उडवायच्या मॉडेल विमानाचा बाल्साचा, म्हणजे हलक्या लाकडाचा, सांगाडा उभा राहतो, दोन्ही पंखांवर कव्हरिंग चढतं, मधले स्ट्रट (दोन पंखांना जोडणारे दांडे) जागेवर बसतात आणि मग नाकातल्या कोऱ्या फायरवॉलकडे, म्हणजे मोटर किंवा इंजिन जिच्यावर बसतं त्या फळीकडे, बघत माणूस आठवडाभर अडकून पडतो. इथे इलेक्ट्रिक मोटर लावायची की ग्लो इंजिन, म्हणजे तापलेल्या प्लगने मिथेनॉल पेटवणारं छोटं टू-स्ट्रोक किंवा फोर-स्ट्रोक इंजिन? एका पंखाच्या साध्या ट्रेनरला, म्हणजे शिकाऊ मॉडेलला, काहीही लावलं तरी तो उडतो आणि बरा उतरतोही. बायप्लेनचं, म्हणजे एकावर एक दोन पंखांच्या विमानाचं, तसं नाही. त्यात काय बसवायचं हे ठरवताना बहुतेक जण विमान किती जोरात चढेल ते बघतात. मी सांगेन, आधी ते खाली कसं येईल ते बघा.

नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक विमान समोर ठेवू: डी हॅव्हिलंड टायगर मॉथ, १:८ प्रमाणात. मूळ विमान १९३१ मध्ये पहिल्यांदा उडालं. दुसऱ्या महायुद्धात बेगमपेट आणि जोधपूरच्या प्रशिक्षण केंद्रांत आपले वैमानिक याच विमानावर शिकले. त्याच्या पंखांचा विस्तार ८.९४ मीटर, म्हणजे आपलं मॉडेल साधारण ११२ सेंटिमीटरचं. दोन्ही पंख मिळून क्षेत्रफळ सुमारे ३५ चौरस डेसिमीटर भरतं. नीट हात राखून बांधलं तर उडण्याच्या तयारीतलं वजन १४०० ग्रॅमच्या आसपास राहतं, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला ४० ग्रॅम. हा भार हलका आहे. असं विमान ताशी तीस किलोमीटरच्या आसपासही हवेत तग धरतं, आणि संथ उडण्यातच त्याची सारी शोभा आहे.

थ्रॉटल मिटल्यावर काय होतं

दोन पंख, त्यांच्यामधले स्ट्रट, तारा, उघडी चाकं, उघडी कॉकपिट. हवेला अडवणारं सगळं काही या विमानात आहे. ट्रेनरचं थ्रॉटल बंद केलं की तो बराच वेळ तरंगत राहतो. बायप्लेनचं थ्रॉटल बंद केलं की दोन-तीन सेकंदांत वेग सरतो. नाक खाली घातलं नाही तर ते तिथेच लटपटतं आणि एक पंख टाकतं. म्हणून बायप्लेन उतरवताना प्रॉप (नाकातला पंखा) जवळजवळ जमिनीपर्यंत थोडा थोडा ओढत राहायला हवा. चाकं टेकायच्या क्षणी थ्रॉटल मिटायचं, आधी नाही.

माझ्या पहिल्या बायप्लेनमध्ये ४ सीसीचं टू-स्ट्रोक होतं. उतरायला वळत असताना आयडलला, म्हणजे सर्वांत कमी फेऱ्यांवर, ते बंद पडलं. मैदान समोर दिसत होतं, अंतर फार नव्हतं, आणि ट्रेनरच्या सवयीने मी विमान ताणत मैदानापर्यंत आणायचा प्रयत्न केला. ते मैदानाच्या अलीकडच्या उसात गेलं. खालचा डावा पंख मुळापासून तुटला. त्या दिवसापासून कुठलीही मोटर किंवा इंजिन निवडताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: शेवटच्या वळणावर हा प्रॉप माझ्या हातात असेल का?

या प्रश्नावर इलेक्ट्रिक मोटर सरळ जिंकते. ती आयडलला बंद पडत नाही, कारण तिला आयडल नावाची गोष्टच नाही. ट्रान्समीटरवरची थ्रॉटलची काडी शून्यावर नेली तर थांबते, पुढे केली की त्याच क्षणी फिरते. लँडिंग फसलं, वारा आडवा आला, कुणी मैदानात शिरलं, तर काडी पुढे करून पुन्हा एक फेरी मारता येते. एकच काळजी घ्यायची. काडी पूर्ण खाली असताना मोकळा फिरणारा प्रॉप ब्रेकसारखं काम करतो, म्हणून उतरताना दोन-तीन क्लिक थ्रॉटल राहू द्यायचं.

फोर-स्ट्रोकही आयडलला बराच भरवशाचा असतो, टू-स्ट्रोकपेक्षा नक्कीच. पण भरवसा कमवावा लागतो. नवं इंजिन रुळवायचं, नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) बसवायची, चांगला प्लग लावायचा, टाकी योग्य उंचीवर ठेवायची. टायगर मॉथमध्ये आणखी एक अडचण येते. मूळ जिप्सी मेजर इंजिन उलटं होतं, चारही सिलिंडर खाली लटकलेले. त्यामुळे विमानाचं नाक वरून निमुळतं आहे, आणि मॉडेलमधलं इंजिन लपवायचं तर तेही उलटंच बसवावं लागतं. उलट्या इंजिनात इंधन प्लगपाशी साठतं, सुरू करताना ते भरून जातं, टाकी थोडी वर असली तर आयडल बिघडतो. जमतं, अनेकांचं उत्तम चालतं, पण पहिल्या बायप्लेनवर हे शिकू नये असं मला वाटतं.

आकडे

आता इलेक्ट्रिकचा हिशेब. टायगर मॉथसारख्या शांत विमानाला दर किलोमागे १५० ते १८० वॅट पुरतात. १४०० ग्रॅमला म्हणजे २१० ते २५० वॅट. तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी), ११.१ व्होल्ट, पूर्ण थ्रॉटलला साधारण २२ ते २५ अँपिअर. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ४० अँपिअरचा घ्या, तो गरम न होता चालेल. मोटर ७००-८०० केव्हीची (केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाचे फेरे), १०० ते १२० ग्रॅम वजनाची, आणि प्रॉप ११×५.५ किंवा १२×६ (इंचांत व्यास × पिच; पिच म्हणजे एका फेरीत प्रॉप जेवढा पुढे सरकेल ते अंतर).

प्रॉपच्या आकारावर थोडं थांबतो, कारण चुका इथेच होतात. आपल्या दुकानांत सहज मिळणारी मोटर म्हणजे २२१२, १००० केव्हीची. ती लहान प्रॉप जोरात फिरवते. ८०० ग्रॅमच्या फोम विमानाला ती छान आहे, पण या टायगर मॉथला तिचा दम अपुरा पडतो. बायप्लेनला वेगाची गरज नसते, ओढीची असते. मोठा प्रॉप, कमी पिच, कमी फेरे. १२×६ चा प्रॉप मिनिटाला ६५०० फेऱ्यांनी फिरला तर पिचच्या हिशेबाने वेग ताशी साठ किलोमीटर निघतो. स्टॉलच्या, म्हणजे ज्याखाली विमान हवेत तग धरत नाही त्या वेगाच्या, दुप्पट वेग झाला. टायगर मॉथला याहून जास्त देऊन काहीच मिळत नाही, फक्त तो टायगर मॉथसारखा दिसायचा थांबतो.

२२०० एमएएचची तीन सेलची बॅटरी सुमारे १८० ग्रॅम भरते. तिच्यातला ऐंशी टक्केच वापरायचा. शांत उड्डाणात सरासरी १० अँपिअर धरले तर दहा मिनिटं मिळतात. टायमर आठ मिनिटांवर लावा, म्हणजे एक-दोन फसलेल्या लँडिंगपुरती उरते. एका सकाळी चार उड्डाणं हवी असतील तर चार बॅटऱ्या लागतात, आणि इलेक्ट्रिकचा खरा खर्च तिथेच आहे.

फोर-स्ट्रोकमध्ये या आकाराला ५ सीसीचं इंजिन शोभतं. तेही १०-११ इंची प्रॉप सावकाश फिरवतं, म्हणून बायप्लेनला टू-स्ट्रोकपेक्षा ते कितीतरी साजेसं आहे. १२० मिली टाकीत दहा-बारा मिनिटं उडतं, आणि पुन्हा उडायला दोन मिनिटांत टाकी भरली की झालं. लिटरभर इंधनात आठेक उड्डाणं होतात. दिवसभर उडायचं असेल तर इथे इंजिन पुढे आहे, यात वाद नाही.

वजनात मात्र इंजिन मागे पडतं. मोटर, ईएससी आणि बॅटरी मिळून साडेतीनशे ग्रॅमच्या आत बसतात. इंजिन, माउंट, भरलेली टाकी, थ्रॉटल हलवणारा सर्वो (छोटी मोटर) आणि रिसीव्हरची वेगळी बॅटरी धरली तर पाचशेच्या वर जातं. दीडशे-दोनशे ग्रॅमचा हा फरक हलक्या विमानाला उतरताना जाणवतो.

सीजी (गुरुत्वमध्य), आणि बॅटरीपर्यंत हात कसा पोचतो

जुन्या बायप्लेनचं नाक आखूड आणि शेपटी लांब. मॉडेल बनलं की बहुतेकदा मागे कलतं आणि मग नाकात शिसं भरावं लागतं. या बाबतीत जड इंजिन उपयोगाचं ठरतं, कारण ते वजन नाकातच असतं. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरी फायरवॉलला टेकवून ठेवायची सोय करा, मग शिसं बहुधा लागत नाही. शिवाय बॅटरी पाच मिलिमीटर पुढे-मागे सरकवून सीजी हवा तिथे आणता येतो. पंख एकमेकांच्या पुढे-मागे असल्याने सीजी दोन्हींच्या सरासरी कॉर्डवरून (पंखाच्या पुढून-मागच्या रुंदीवरून) काढायचा, पंचवीस ते तीस टक्क्यांच्या दरम्यान. वरच्याच पंखावरून मोजलात तर चुकाल.

आता बॅटरी बदलायची कशी? ट्रेनरमध्ये पंख उघडला की आतलं सगळं हाती लागतं. इथे वर पंख, खाली पंख, मध्ये स्ट्रट. मैदानावर प्रत्येक बॅटरीसाठी वरचा पंख सोडावा लागला तर महिनाभरात विमान माळ्यावर जाईल. म्हणून नाकावरचं झाकण चुंबकाने बसणारं करा, किंवा पोटाखालून हॅच काढा. हे आता, कव्हरिंग पूर्ण होण्याआधीच ठरवायचं काम आहे. इंजिनाला टाकीची नळी बाहेर आणली की हा त्रास नाही.

उलट इंजिनाला दुसरा त्रास आहे: तेल. ग्लो इंधनात मिथेनॉलसोबत अठरा-वीस टक्के तेल, बरेचदा एरंडेल, असतं, आणि ते जवळजवळ सगळं धुराड्यातून विमानावर येतं. एका पंखाचं विमान पाच मिनिटांत पुसून होतं. बायप्लेनमध्ये दोन पंख, आठ स्ट्रट आणि प्रत्येक तार पुसावी लागते, आणि तारेच्या टोकांना कव्हरिंगच्या खाली तेल शिरतंच. एरंडेलाचा तो जळका वास मला मात्र मनापासून आवडतो. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमल या लढाऊ बायप्लेनच्या रोटरी इंजिनांतही वंगण म्हणून एरंडेलच असायचं, आणि उघड्या कॉकपिटमधल्या वैमानिकांच्या तोंडावर तेच उडायचं.

आपल्याकडचं हवामान, आपल्याकडचं इंधन

मिथेनॉल विषारी आहे, त्याच्या विक्रीवर बंधनं आहेत. उन्हात त्याची ज्योत दिसतही नाही. इंधनात थोडं मिसळतात ते नायट्रोमिथेन मिळणं आणखी कठीण. नायट्रोशिवाय, ऐंशी भाग मिथेनॉल आणि वीस भाग एरंडेल एवढ्यावरही इंजिन चालतं, पण फोर-स्ट्रोकचा आयडल थोड्या नायट्रोने बराच सुधारतो. ज्या गावात क्लब आहे आणि कुणीतरी वर्षानुवर्षं इंधन आणतं, तिथेच इंजिनाचा विचार करा. एकट्याने इंधनामागे धावण्यात दोन-तीन रविवार जातात आणि उत्साहही जातो.

आपला हंगाम ऑक्टोबर ते मे. मग चार महिने पाऊस. मेमध्ये शेवटचं उड्डाण झाल्यावर जे केलं जात नाही, त्याने ऑक्टोबरमध्ये नुकसान होतं. लिपो भरलेली ठेवली तर फुगते, रिकामी ठेवली तर मरते. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून थंड जागी ठेवायची. इंजिनात उरलेलं मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. कोकणात तर बेअरिंग आणि कॅमशाफ्ट एका पावसाळ्यात गंजतात. इंधन पूर्ण जाळून, आत आफ्टर-रन तेल (गंज रोखणारं तेल) सोडून, इंजिन फिरवून ठेवायचं. दोन्हींची निगा पंधरा मिनिटांची आहे. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात लिपो बंद गाडीत ठेवू नका, एवढं पुरे.

टू-स्ट्रोक या विमानाला मी सुचवणार नाही: लहान प्रॉप, कर्कश आवाज, नाकाबाहेर आलेला मफलर. पेट्रोल इंजिनं या आकाराला जड पडतात.

परवानगीबाबत मोटर आणि इंजिन सारखेच. २५० ग्रॅम ते २ किलो वजन ड्रोन नियम २०२१ नुसार मायक्रो गटात येतं, आणि व्यावसायिक वापर नसेल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. पण जागा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर तपासलीच पाहिजे. पुण्यात लोहगाव, मुंबईत सांताक्रूझ; शहराजवळचं मैदान रिकामं दिसलं म्हणून तिथे उडवता येतंच असं नाही.

मग कोणी काय घ्यावं

हे तुमचं पहिलं बायप्लेन असेल तर इलेक्ट्रिक घ्या. रविवारी सकाळी एकटेच जात असाल तरी इलेक्ट्रिकच. या विमानाला एलेरॉन (विमान कलवणारे, पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) फक्त खालच्या पंखांवर आहेत. नुसत्या एलेरॉनने वळवलं तर नाक उलटीकडे जातं, म्हणून मूळ विमानातही एलेरॉन वर जास्त आणि खाली अगदी थोडा जाईल अशी रचना होती. मॉडेलमध्ये तेच डिफरेन्शियल ट्रान्समीटरमधून द्या आणि प्रत्येक वळणाला रडर (शेपटीवरचं सुकाणू) द्यायची सवय लावा. हे शिकताना डोक्यात नीडल, प्लग आणि टाकी नकोत. शिवाय इलेक्ट्रिकमध्ये एक सुख आहे, जे इंजिनात सहज मिळत नाही. जिप्सी मेजरचा प्रॉप कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या उलट फिरायचा. मोटरच्या तीनपैकी दोन तारांची अदलाबदल करून, उलटा प्रॉप लावून तुम्ही तसाच फिरवू शकता. मग मोटरचा कल मात्र उजवीकडे न देता डावीकडे द्यायचा.

ज्यांनी दोन-तीन हंगाम ग्लो इंजिन चालवलं आहे, ज्यांच्या मैदानावर शेजारी उभं राहून ‘अजून एक क्लिक रिच कर’, म्हणजे इंधन थोडं वाढव, असं सांगणारं कुणी आहे, त्यांनी फोर-स्ट्रोक नक्की लावावा. कमी उंचीवरून, अर्ध्या थ्रॉटलने टायगर मॉथ समोरून जातो तेव्हा तो जो फटफट आवाज करतो, तो कुठल्याही मोटरला येत नाही. त्या आवाजासाठी पुसापुशी परवडते.

मन अजून ठरत नसेल तर फायरवॉल इंजिनाच्या हिशेबाने बनवा: ६ मिमी प्लाय, मागे त्रिकोणी बाल्साच्या पट्ट्या, आणि आतून-बाहेरून पातळ इपॉक्सीचे दोन हात. २५-३० ग्रॅम वाढतील, तेही नाकातच, जिथे हवे असतात. त्यावर आधी मोटर लावा. मोटरचं विमान पुढे इंजिनाचं करता येतं. तेल प्यायलेल्या बाल्सावर मात्र नंतर कुठलाही गोंद धरत नाही, म्हणून उलटा प्रवास अवघड आहे.