भट्टीवर बिस्किटं करायला देताय? मग तिथून हलू नका

दिवाळी जवळ आली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतून बाया कणीक, तूप, साखर घेऊन तालुक्याच्या बेकरीत जातात अन् नानकटाई करून आणतात. माल आपला, मजुरी त्यांची. सासऱ्यांना हृदयाचा त्रास आहे, म्हणून बाजारची बिस्किटं घरात बंद आहेत. मी चक्कीवरची कणीक 2 किलो, साखर 1 किलो आणि घरच्या गाईचं तूप 1 किलो दिलं. "गर्दी हाय ताई, डबे ठेवून जा, संध्याकाळी या," असं मालक म्हणाले.

संध्याकाळी हातात पडले 3 किलो. विचारलं तर, "अवो, भट्टीत घट येतेच नं!"

येते, पण किती? तूप आणि साखर भट्टीत उडून जात नाही. कणकेत ओलावा असतो 12-13 टक्के, म्हणजे 2 किलोला पाव किलो. भांड्याला, हाताला लागलेलं सोडलं तरी अर्धा किलोहून जास्त माल गेला कुठं?

खरा घात घरी कळला. नानकटाई मोडून पाहिली तर आत पांढरीफटक. चक्कीच्या कणकेत कोंड्याचे तांबूस ठिपके दिसतातच, इथे एकही नव्हता. तुपाचा वास नाही, आणि खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर. कणीक ठेवून मैदा वापरला, तूप ठेवून वनस्पती तूप (डालडा). अशा तुपात ट्रान्स फॅट म्हणजे हृदयाला घातक चरबी असू शकते. तेलातुपातल्या ट्रान्स फॅटवर 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे, पण भट्टीवरच्या उघड्या डब्यातलं कोण तपासतं? आजारी माणसाला घरच्या तुपाचं म्हणून भलतंच खाऊ घालायचं, याचा मला फार संताप आहे.

सगळे बेकरीवाले असे नाहीत. आता आम्ही जिथं जातो तिथला कारागीर परातीत तूप आपल्यासमोरच ओततो. तुम्हीही पीठ मळून ट्रे भट्टीत जाईपर्यंत तिथंच थांबा, तुपाचा डबा त्याआधी हातातून सोडू नका. देताना अन् घेताना एकाच काट्यावर वजन करा, चिठ्ठीवर लिहून घ्या. दुकानात खाद्यपदार्थ विकण्याचा (FSSAI) 14 आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक लावलेला असायला हवा, त्याचा फोटो काढा. शंका आली तर थोडी बिस्किटं बांधून ठेवा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. वजनात मारलं असेल तर ती तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे जाते.